तारेशेजारून चालणारा कण

प्रिय ठमे,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न टाकता तुमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींच्या हाती देतोय. का, ते पुढे येईलच. आधी तुझ्या शुक्रवारच्या व्याख्यानाचं बोलू. तुझी नोकरी कायम होणार की जाणार ते त्यावर ठरायचंय, आणि फोनवरच्या तालमीचा एकुलता एक श्रोता मी.

तू सांगितलेलं मी आमच्या मोटार-वाइंडिंगच्या कारखान्यात सांगून पाहिलं. वीज वाहणाऱ्या तारेत धन कण जागच्या जागी, ऋण कण मुंगीपेक्षाही हळू सरकणारे. दोन्ही सारखेच दाट, त्यामुळे शेजारी एखादा ऋण कण स्वस्थ उभा असेल तर तार त्याला ओढत नाही की ढकलत नाही. पण तो आतल्या ऋण कणांच्या बरोबरीनं चालू लागला, की त्याच्या लेखी ते थांबलेले आणि धन कण उलटे पळणारे. पळणाऱ्यांमधलं अंतर आखडतं, थांबलेल्यांमधलं सैल होतं. मग त्याला धन दाट, ऋण विरळ, आणि तार त्याला ओढून घेते. बाहेर उभे असलेले आपण त्याला चुंबकाची ओढ म्हणतो. तो म्हणेल, छे, साधी विजेची. दाटीतला फरक नावापुरता, पण कणच इतके अगणित, की मोटार सुरू होताना वेटोळी एकमेकांना हिसडे देतात. जन्मभर मी ती दोऱ्यानं आवळून व्हार्निश पाजली. कशापायी, ते आत्ता कळलं. हेडमिस्त्री म्हणाला, मालक, मग खरं कुणाचं, आपलं की त्या कणाचं? मी म्हटलं, दोघांचंही. तू आधी चहा सांग.

परवा तू ‘त्याच्या लेखी’पर्यंत आलीस आणि तुझ्या मागे दार वाजलं. आवाज खाली बसला. मग फोन घुमायला लागला, म्हणजे कुणीतरी तो स्पीकरवर टाकला. मोटारींचं दुखणं ऐकून ओळखण्यावर मी पोट भरलंय, एवढं मला कळतं. आणि तू एकदम माझ्या गुडघ्याची चौकशी करू लागलीस. ठमे, गुडघा तुझ्या आईचा दुखतो.

काल तू म्हणालीस, कायम होण्याचा अर्ज मागे घेते, मला शिकवण्यात गतीच नाही, घराची आबाळ होते. ते वाक्य तुझं नव्हतं. ‘गतीच नाही’ हे जावईबापूंचं. त्यांच्या बहिणीबद्दल ते याच सुरात बोलतात. आई आधी म्हणाली, दमली असेल पोर. मग तिनं तुझी खोली झाडायला घेतली.

म्हणून हे पत्र. अर्ज मागे घेऊ नकोस. शुक्रवारी नेहमीच्या वेळी, नेहमीची पिशवी घेऊन घरातून निघ. मी कॉलेजच्या मागच्या फाटकाशी गाडीत असेन. व्याख्यानानंतर कुठं जायचं ते तू ठरव. मी एक प्रश्न विचारणार नाही. हा कागद वाचून मावशींकडेच दे. आज संध्याकाळी मी फोन करीन आणि तुझ्यावर भडकेन. सोड ते व्याख्यान, नवरा सांगतो ते ऐक, असं दणकून सुनावीन. ऐकणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. त्यातलं अक्षरही खरं मानू नकोस. यायचं ठरलं असेल तर नुसतं ‘बरं, बाबा’ म्हण. म्हणता नाही आलं, तरी गाडी तिथंच उभी असेल.

तुझाच,
बाबा