तुमची दोन वर्षं

नाना,

काल मी आजीची पेटी उघडली. तुम्ही गेल्यापासून तिला हात लावला नव्हता, मतलब पन्नासच्या वर वर्षं झाली. धाकट्याचा मुलगा मला विजय नगरला त्याच्या फ्लॅटवर घेऊन चाललाय. म्हणतो, "आत्या, स्नेहलतागंजची खोली आता सोडून द्या, जिना चढवत नाही तुम्हाला." बरोबर आहे त्याचं. पण खोली सोडायची म्हणजे पेटी उघडायची, आणि ती पेटी मी इतकी वर्षं गोधड्यांखाली दाबून ठेवली होती ती काही उगाच नाही. तुम्हाला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहायचं आणि रोज एकाच बँकेत जायचं, मग बापलेकीत पत्र कशाला लागतंय. आज लिहितेय, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. आता माझंही वय झालं. आज नाही सांगितली तर ती राहूनच जाईल.

तुम्ही त्या बँकेत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होतात. राज्याची बँक ती, सरकारचा खजिना तिच्यात, बाकीच्या लहान बँका अडल्यानडल्या की तिच्याकडेच यायच्या. कोणाला कामावर ठेवायचं, कोणाला किती पगार, पुढच्या सालच्या बजेटात किती जागा दाखवायच्या, सगळं तुमच्या टेबलावरून जायचं. मध्यभारत राज्य झालं आणि आसपासच्या छोट्या रियासतींचे खजिने बंद पडले. तिथली माणसं मग आपल्या बँकेच्या दारात येऊन उभी राहिली. कोणी धारचं, कोणी देवासचं, कोणी जावऱ्याचं. प्रत्येकाचा हुद्दा वेगळा, पगार वेगळा. कुठे साठाव्या वर्षी घरी बसवायचे, कुठे हात थरथरायला लागले तरी माणूस खुर्ची सोडायचा नाही. आता एक कमिटी बसली आणि सगळ्यांना मिळून एकच नियम आला, पंचावन्न भरली की निवृत्त. त्यासाठी प्रत्येकाचं सर्व्हिस बुक नव्याने हिंदीत लिहून काढायचं होतं, आणि आपल्या दरबारच्या जुन्या नोंदी सगळ्या मोडी लिपीत. शाखेत मोडी वाचणारे तुम्ही एकटे, आणि तुमचे डोळे तेव्हा अधू व्हायला लागले होते.

मी तेवीस वर्षांची होते. सासरहून परत आलेली. कोणी घरी आलं की आई मला डोळ्यांनीच आत जा म्हणून खुणवायची, आणि मी आत जायची. तुम्ही ते बघायचात. मग एका सकाळी जेवताना म्हणालात, "उद्यापासून माझ्याबरोबर चल. मोडी वाचणारं माणूस पाहिजे आहे, तात्पुरतं काम आहे." आई म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील?" तुम्ही ताक ओढून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणतील, पोरीचं अक्षर चांगलं आहे." बस, एवढंच. लहानपणी सुट्टीत तुम्ही मला मोडी गिरवायला बसवायचात तेव्हा मी किती रडायची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं रडवलंत.

पहिल्या दिवशी तुम्ही मला तुमचा काळा गोल रूळ दिलात, रेघा मारायचा. तेवीस वर्षांच्या बाईला कोणी रूळ देतं का, पण मला तो दागिन्यासारखा वाटला. आपण राजवाड्यावरून चालत जायचो, तुम्ही दोन पावलं पुढे, मी मागे, आणि बँकेच्या फाटकाशी तुम्ही थांबून मला पुढे जाऊ द्यायचात. असं का करायचात ते मी कधी विचारलं नाही. आत गेल्यावर फायलीला फीत कशी बांधायची ते शिकवलंत, दोन वेढे आणि वर अर्धी गाठ, एक टोक ओढलं की सगळं सुटलं पाहिजे. माझी गाठ कधी तशी बसली नाही. तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या फायलींच्या गाठी सोडून पुन्हा बांधायचात.

आणि ते रागावणं. मी विसरले नाही. एका म्हाताऱ्या चपराश्याचं पुस्तक उतरवताना त्यातलं वय मला जास्त वाटलं. तो बिचारा समोर उभा राहून सांगत होता, बाई, मी एवढा नाही हो, लिहिणाऱ्याने अंदाजाने लिहिलं. मी तीन वर्षं कमी करून टाकली. तुम्ही भिंग लावून ते पान वाचलंत आणि सगळ्या शाखेसमोर म्हणालात, "कोणाला विचारून केलंस?" मी म्हटलं, तो म्हणाला. "तो म्हणाला? मग मीही म्हणतो, मी विशीचा आहे, लिही." सगळे हसले, मला भुई दुभंगावी असं झालं. मग तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "आपण उतरवणारे. जे आहे ते उतरवायचं. ज्याच्याकडे कागद असेल त्याने कमिटीपुढे न्यावा." ते पान तुम्ही माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलंत.

परत येताना तुम्ही स्वतःचं सांगितलंत. रागावल्याची भरपाई असावी. दरबारच्या नोकरीत अठराच्या आतला मुलगा घेत नसत. तुमचे वडील गेलेले, घरात खाणारी तोंडं. मामाने सोळाव्या वर्षी तुम्हाला नेऊन उभं केलं आणि कारकुनाला सांगितलं, अठरा पूर्ण. कारकुनाने मान वर न करता लिहून टाकलं. "तेव्हा दोन वर्षं वाढवून मिळाली म्हणून तुझी आजी देवापुढे साखर ठेवून आली," असं म्हणून तुम्ही हसलात. मला काही हसू आलं नाही. तुमचं पुस्तक मी आदल्याच आठवड्यात उतरवलं होतं. त्या हिशेबाने तुम्हाला पंचावन्न भरायला सहा महिने राहिले होते. खऱ्या हिशेबाने अडीच वर्षं.

राजधानी अर्धं साल ग्वाल्हेरला, अर्धं इकडे असायची; उन्हाळ्यात ती इकडे आली तेव्हा कमिटीही आली. पावसाळ्यात सर्क्युलर निघालं की जन्मतारखेबद्दल कोणाची तक्रार असेल त्याने शाळेचा दाखला किंवा जन्मपत्रिका पंधरा दिवसांत दाखवावी, नंतर ऐकलं जाणार नाही. त्याच आठवड्यात ग्वाल्हेरकडून आलेल्या सुपरिंटेंडेंटसाहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "देखिए बाईजी, बजट में जगहें गिनी हुई हैं. आपका टेम्परेरी आगे चलना मुश्किल है. हाँ, बड़े बाबू रिटायर होंगे तो उनकी पोस्ट तोड़कर नीचे की एक बनेगी. उस पर आपको पक्का कर देंगे. मोडी जानने वाला तो चाहिए ही." बड़े बाबू म्हणजे तुम्ही. त्यांना वाटलं, ते मला आनंदाची बातमी देतायत.

आणि त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "ताई, आजीच्या पेटीत माझी पत्रिका असेल, पत्र्याच्या नळीत. मला दिसत नाही नीट. उद्या बघ जरा."

बघितली, नाना. आई देवळात गेली होती. नळी तळाशी होती, आजीच्या लुगड्यात गुंडाळलेली. पत्रिकेवरचा दोरा इतका कुजला होता की हात लावताच तुटला. शक वाचला, वर्ष काढलं, पुन्हा काढलं. तुमची दोन वर्षं तिथे होती, हळदीकुंकवाच्या बोटांसकट. मी किती वेळ ती मांडीवर घेऊन बसले ते आठवत नाही. डोक्यात काय चाललं होतं ते मात्र सगळं आठवतंय. गणपतीनंतर माझी मुदत संपणार. मग पुन्हा घर. कोणी आलं की पुन्हा आतली खोली. मी पत्रिका तशीच सुटी गुंडाळून नळीत घातली आणि नळी तळाशी सरकवली.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भुट्टे किसत होते. तुम्ही पाट ओढून समोर बसलात, कणसांची सालं काढून द्यायला लागलात. धाकटा पलीकडे मोठ्याने पाठ म्हणत होता. तुम्ही विचारलंत, "मिळाली का गं?" मी किसणीवरून मान वर केली नाही. म्हटलं, "नाही मिळाली." तुम्ही हातातलं कणीस पूर्ण सोललंत, रेशे वेचलेत, माझ्यापुढे ठेवलंत. म्हणालात, "असो." पुन्हा कधी विचारलं नाहीत. पंधरा दिवस मी रोज वाट बघत होते, आज विचारतील, विचारलं तर सांगून टाकू. हे मी मनाला सांगायची. विचारलं असतंत तरी सांगितलं नसतं.

तुम्ही निवृत्त झालात. शाल, नारळ, दोन भाषणं. नंतर दुपारी तुम्ही माझा डबा घेऊन बँकेत यायला लागलात. मी सांगायची, नाना, मी सकाळीच नेते ना. "गरम बरा," म्हणायचात. डबा दिल्यावर तासभर बाहेरच्या बाकावर बसायचात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचात, त्या धारवाल्याचा पगार ठरला का, बजेट वर गेलं का. पहिले दोन महिने लोक थांबून सांगायचे. मग नुसता नमस्कार करायचे. एकदा एक नवा पोरगा तुम्हाला म्हणाला, "बाबा, किससे मिलना है?" मी खिडकीतून ऐकलं. तुम्ही म्हणालात, "किसी से नहीं, भिया. बैठा हूँ." दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगून माझं टेबल खिडकीपासून हलवून घेतलं. उजेड डोळ्यावर येतो म्हटलं.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. खरी पंचावन्न भरायला अजून काही महिने होते. रिकामं बसल्याने गेलात असं मी म्हणत नाही, कोणी म्हणू शकत नाही. पण रात्रंदिवस मी हिशेब तोच केला. त्या जागेवर मी एकतीस वर्षं काम केलं, धाकट्याला शिकवलं, त्याचं लग्न केलं, आईचं शेवटपर्यंत केलं. कोणी आलं की मी बाहेर बसायची.

आता काल. नळी तळाशीच होती. मी बूच काढलं, पत्रिका ओढली. मी सुटी ठेवलेली पत्रिका फितीने बांधलेली होती. फायलीची फीत. दोन वेढे, वर अर्धी गाठ. आईला ती गाठ येत नव्हती. मलाही येत नाही.

म्हणजे तुम्ही पाहिलीत. पण कधी पाहिलीत, नाना? त्या पंधरा दिवसांत, की निवृत्त झाल्यावर? फीत तर घरात नेहमीच असायची. मला म्हणता येईल की तुम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं, बजेटाचं स्टेटमेंट तुमच्याच हातचं, कोणती जागा मोडली की कोणती उघडते हे तुमच्याइतकं कोणाला कळत होतं. म्हणता येईल की तुम्ही ती दोन वर्षं मला दिलीत. भावाच्या मुलाला सांगितलं तर तोही हेच म्हणेल आणि चहा करून देईल. पण तुम्ही दिलीत की मी घेतली, हे त्या गाठीवरून कळत नाही. तुम्ही पत्रिका मागितली होतीत आणि मी नाही म्हटलं होतं, एवढंच मला नक्की माहीत आहे. बाहेर बाकावर बसून रिकाम्या डब्याची वाट बघणारा माणूस सगळं जाणून बसला होता, या विचाराने काल मी जेवले नाही.

हे पत्र कुठे टाकणार. नळीत जागा आहे, तिथेच घालीन. गाठ मी सोडणार नाही, मला पुन्हा बांधता येणार नाही.

एकच राहिलं. मी पक्की झाल्याची ऑर्डर आली त्या दिवशी मी सराफ्यातून पेढे घेऊन आले होते. तुम्ही ओट्यावर बसला होतात. ऑर्डर भिंगाने वरपासून खालपर्यंत वाचलीत, जावक नंबर पाहिलात, आणि म्हणालात, "तुझी जन्मतारीख बरोबर टाकली आहे ना, बघून घे. नंतर कोणी ऐकत नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि तुमच्या हातावर पेढा ठेवला. त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते, नाना. तुम्ही समोर बसला होतात, आणि मला तुमची आठवणही आली नाही.