तुम्ही आणलेली ट्यूब

प्रिय बाबा,

काल रेणूच्या दप्तरात मलमाची एक ट्यूब सापडली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चौदा वर्षांची झाली तुमची नात. गाल, कपाळ पुटकुळ्यांनी भरलंय. मैत्रिणीनं दिलेलं मलम चोरून लावत होती. मी ते हिसकावलं, ओरडले आणि मग तिला तुमची-माझी गोष्ट सांगावीच लागली. ऐकून ती एवढंच म्हणाली, "मंग तू आबाजीले माफी काहून नाही मांगितली?"

सात महिने झाले तुम्हाला जाऊन. आता काय उत्तर देऊ तिला?

मी दहावीत होते, आठवतं? आरशासमोर बसून पिकलेल्या पुटकुळ्या फोडायची आणि तिथं खड्डे पडायचे. आत्या म्हणाली, "रोज मासोळी खाते पोरगी. गरमी उठन नाही तं काय!" झालं! वैनगंगेत जाळं टाकून घर चालवणारे तुम्ही, पण त्या दिवसापासून आपल्या चुलीवर मासोळी शिजू दिली नाहीत. स्वतःही खाल्ली नाहीत. मी म्हटलं होतं का तसं?

मग मी शाळेत जाणं सोडलं. "हे तोंड घेऊन नाही जात मी!" तुम्ही तडक पवनीच्या बाजारात गेलात आणि मेडिकलमधून ट्यूब घेऊन आलात.

"लावून पाह्य बाई. आठ दिवसांत तोंड साफ होते म्हणते दुकानवाला."

आणि झालंही! चेहरा उजळ, गुळगुळीत. किती खूश होता तुम्ही! दुसरी आणलीत, तिसरी आणलीत. पुढं मात्र गाल लालभडक झाले. उन्हात पाऊल टाकलं की आग आग. लावणं थांबवलं तर पुटकुळ्या दुपटीनं उठल्या. तेव्हा अंगणात, सगळ्यांदेखत, मी ओरडले, "तुमीच माहं तोंड जाळलं!"

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी जाळं घरी ठेवून मला भंडाऱ्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंत. बसमध्ये मी मुद्दाम वेगळ्या सीटवर बसले, तोंडाला ओढणी गुंडाळून.

"हे लावायला कोणी सांगितलं?" बाईंनी मला विचारलं. तुम्हीच पुढं होऊन हात जोडलेत.

"म्या आणली बाई. पोरीची चूक नाही."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं की या वयात त्वचेत तेल जास्त सुटतं, बारीक छिद्रं बुजतात, म्हणून पुटकुळ्या येतात. त्यात मळाचा दोष नाही, गरमीचाही नाही. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, म्हणूनच आधी गोरेपणा आणि मग जळजळ. आता फोडायचं नाही, दिलेलं औषध सांगितलं तेवढंच लावायचं, तीन-चार महिने धीर धरायचा.

"आन् मासोळी?" तुम्ही हळूच विचारलंत.

"खाऊ द्या हो!" बाई हसल्या. तुम्ही नाही हसलात.

चेहरा बरा झाला. डाव्या गालावरचे खड्डे तेवढे राहिले. लग्नात निरोप देताना गालावरून हात फिरवलात आणि तिथं आल्यावर तो थबकला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना! आणि तुम्ही? एकदा तरी रागवायचं होतं माझ्यावर! कायले एवढं मनात ठेवलंत?

चूक झालीच होती, बाबा. डॉक्टरला न विचारता ते मलम आणायला नको होतं. पण बाकी सगळे सल्ले देत बसले होते, उठून गेलात ते तुम्हीच. काल रेणूकडून ट्यूब ओढताना तिच्याही तोंडाचं तेच होईल अशी धास्ती वाटली. तुम्हाला तेव्हा किती भीती वाटली असेल, ते काल कळलं.

माफ करा मला.

सोमवारी रेणूला घेऊन भंडाऱ्याला जाते आहे. ती काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही. औषधाला महिने लागले, तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, तरी कोणाच्या सांगण्यावरून तिच्या तोंडाला काही लावू देणार नाही. आणि रागाच्या भरात ती मला काही बोलली, तर मी तुमच्यासारखी गप्प राहणार नाही, बाबा. त्याच दिवशी तिला जवळ बसवून बोलून घेईन.

तुमची,
वनिता
लाखांदूर