पसारा नसलेला हॉल

सोमवार, ४

आले एकदाची ताईकडे. शाळा सोडल्यापासून आईचं तोंड दिवसभर चालू असायचं, त्यापेक्षा हे बरं. ताईने कशी आहेस, काय ठरवलंस, काही विचारलं नाही. माझ्या हातातली बॅग घेतली आणि चालायला लागली. तिचं एवढंच मला आवडतं, बोलायला लावत नाही.

बाकी आनंदच आहे. घर भाड्याचं, हॉल एवढासा, आणि बाईसाहेबांच्या गप्पा राजवाड्याच्या. म्हणे खरी पेंटिंगं घेतं कोण, प्रिंटा लावायच्या, घर मासिकातल्यासारखं दिसतं. फ्रिजवर फळांची प्रिंट आहे, फ्रिजमध्ये अर्धा कांदा. संडासाच्या दारावर समुद्र. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, मला म्हणाले, आत बसलीस की लाटांचा आवाज तुझा तू काढायचा. मला इतकं हसू आलं, पण मान खाली घातली. मग त्यांनी माझं नाव मौनीबाई ठेवलं.

माझी गादी हॉलमध्ये, सोफ्याच्या बाजूला.

बुधवार, ६

आज तर कहर झाला. सोफ्यावरच्या भिंतीला मोठी प्रिंट हवी होती ताईला. तिच्या फोनमध्ये एक ॲप आहे, आपल्या भिंतीचा फोटो टाकला की चित्र लावल्यावर कसं दिसेल ते दाखवतं. वर पसारासुद्धा पुसून देतं. कपड्यांचा स्टँड, चपला, दाजींचं हेल्मेट, माझी गादी, सगळं साफ. तो फोटो बघून ताई अशी हरखली जसं काही कुणी बंगलाच दिलाय. आणि त्या नादात फ्रेमवाल्याला झाडांचं चित्र पाठवायच्या ऐवजी तोच फोटो पाठवला. शहाणी!

आता आमच्या हॉलमध्ये आमच्याच हॉलचा फोटो. त्यातल्या सोफ्याच्या वर भिंतीला ते झाडांचं चित्र, बोटाएवढं. फ्रेमवाला म्हणे, मला वाटलं तुम्हाला हेच हवंय, लोकांना काहीही हवं असतं हो. दाजी म्हणाले, पाहुणे आले की तिकडेच बसवू, तिकडे जागा जास्त आहे. ताईने नाक फुगवलं आणि हट्टाने तीच टांगली. काच नाही लावली, तेवढीच बचत म्हणे.

शनिवार, ९

कपड्यांचा स्टँड नाही. ओल्या कपड्यांसकट. ताईला विचारलं तर म्हणते कुठला स्टँड. चपलाही गेल्या. दाजींनी जुने बूट काढले आणि मला विचारलं, मौनीबाई, चपला विकून भेळ खाल्लीस का. ताई नुसती फिरतेय हॉलमध्ये, किती मोकळं वाटतं गं, किती मोकळं वाटतं. स्वतःच सगळं फेकून देते आणि वर नाटकं करते. मासिकांनी डोकं फिरवलंय तिचं.

सोमवार, ११

हेल्मेट गेलं. माझी गादी गेली. ताई म्हणाली, तुला गादी होतीच कधी, तू सोफ्यावर झोपतेस ना. आणि ती नाटक करत नव्हती. तिला नाटक येत नाही, लगेच हसू फुटतं. आज फुटलं नाही.

दुपारी प्रिंटसमोर उभी राहिले. मग हॉलकडे बघितलं. परत प्रिंटकडे. लहान मुलांचं फरक ओळखा असतं तसं करत बसले.

ती भिंतीवरची झाडं सोडली तर फरक एकच उरलाय. हॉलमध्ये आम्ही आहोत.

मंगळवार, १२

दाजी सोफ्यावर बसून मोजे घालत होते. मी पाणी आणायला आत गेले, बाहेर आले तर —

कुणी नाही. मोजेपण नाहीत. दाराला आतून कडी.

ताईला ओढत आणलं. ओरडले मी तिच्यावर. मी! ती म्हणाली कोण दाजी, अगं माझं लग्न तरी झालंय का. आणि उशी सरळ केली.

प्रिंट फाडायला गेले. कोपरा फाटला तसा भिंतीचा तोच कोपरा धाडकन खाली आला, ताईच्या खांद्यावर. रक्त आलं. ती म्हणते बघ ना, सगळं खराब करतेस.

म्हटलं चल, आईकडे जाऊ. म्हणे एवढं छान घर सोडून?

बुधवार, १३

ताईच्या हातातून सोफ्याचं कापड दिसतंय.

मग सुचलं. चित्रात नाही ते जातं ना, तर चित्रात घालू. बॉलपेनने प्रिंटवरच काढली तिला, सोफ्यावर बसलेली. चेहरा मला जमत नाही, कधीच जमला नाही, म्हणून पाठमोरी काढली. वेणी घातली. खाली रिबिन.

ती राहिली! हात परत घट्ट झाले. मी रडले मूर्खासारखी.

मग तिचं तोंड बघायला पुढून गेले.

पुढूनही वेणी आहे.

डावीकडून — वेणी. खाली वाकून — वेणी. खांदे हलतायत. हसतेय का रडतेय, कसं कळणार —

गुरुवार, १४

दार उघडं आहे. मी जाऊ शकते. ती उठत नाही. उचलायला गेले तर कागद फाटल्यासारखा आवाज झाला. नाही उचलत. सोडूनही नाही जाणार. हिने एकटीने मला घरात घेतलं होतं, बाकी सगळ्यांनी —

पाय नाहीत माझे. आहेत, पण त्यांतून फरशी दिसते.

नंतर

घाईत काढायला लागले मला. तिच्या शेजारी. आधी डावा हात काढला, तिच्या हातात दिलेला. म्हटलं एवढं तरी —

तिने धरला. खरंच धरला. गरम आहे. ताई, मी म्हटलं, मीच आहे गं.

आता सोडत नाही. चित्रात धरलाय, कसा सोडेल. खेचून ठेवलंय मला सोफ्याला. उजवा हात प्रिंटपर्यंत पोचत नाही. वहीपर्यंत पोचतो.

बाकीची मी काढायची राहिलेय. डोकं, पोट, उजवा हात. हाच, ज्याने हे लिहि