निर्वासितांचं रान

आई, रानातला ऊस मी काढून टाकला. सगळा नाही, ओढ्याकडच्या माझ्या वाटणीतला. खोडव्याची मुळंसुद्धा उकरून काढली आणि ती काळी जमीन धरणामुळं उठून आलेल्या चार घरांना कसायला दिली. तू हे ऐकलं असतंस तर हातातलं पीठ परातीत आपटून म्हणाली असतीस, "खुळी झालीस काय?" गावानंही तेच म्हटलं. इकडं शहरात मंगळवार पेठेत शाळेतल्या बाई म्हणून लोक मला वाकून नमस्कार करतात, आणि तिकडं कागलच्या पुढं आपल्या गावात एसटीतून उतरले की पारावर बसलेली माणसं माना फिरवतात. फिरवू देत. त्यांच्या मानेला त्रास, मला नाही.

ते लोक आले तो उन्हाळा तू विसरली नसशील. मी तेव्हा आठवीत असेन. डोंगरातलं त्यांचं गाव पाण्याखाली गेलं आणि सरकारनं त्यांना आपल्या गायरानात आणून सोडलं. ट्रकमधून उतरवलेल्या दारं-चौकटी, शेळ्या, दळायची जाती, कुणाचा तरी देव्हारा, सगळं मुरमावर उन्हात पडलेलं. बदली जमीन मिळाली ती माळाची, जिथं कुसळंही धड येत नाहीत. बागायतीतली मिळायची होती, ती गावानं कधी मिळू दिली नाही. त्यांना कुणी धरणग्रस्तही म्हणायचं नाही. 'निर्वासित' म्हणायचे, शिवी दिल्यासारखं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक तरुण सून हांडा घेऊन आपल्या विहिरीवर येते. मी पायरीवर कपडे धुतेय. ती वाकून हांडा भरते, आणि तू वरून उतरतेस, तो हांडा तिच्या हातातून घेतेस आणि पालथा करतेस. भांडत नाहीस, ओरडत नाहीस. "आज पाणी मागत्यात, उद्या रान मागतील," एवढंच मला म्हणतेस, जणू ती तिथं उभीच नाही. ती रिकामा हांडा कडेवर घेऊन पायऱ्या चढून जाते. त्या संध्याकाळी चुलीपुढं मी तुला विचारलं होतं, घोटभर पाण्यानं आपलं काय जाणार होतं? तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "जमीन म्हंजी आई. आई कुणी वाटून देतं व्हय?"

पण आई, ज्या जमिनीसाठी तू एका तहानलेल्या बाईचा हांडा पालथा केलास, त्या जमिनीत तुझं काय होतं? बांधाच्या कडेला तू घेवडा लावायचीस, चार मिरचीची रोपं, थोडी पोकळ्याची भाजी. एका वर्षी आबांनी उसाची आणखी एक सरी बसवायची म्हणून तुझे फुलावर आलेले वेल उपटून बांधावर टाकले. तू ते शांतपणे गोळा करून म्हशीपुढं घातलेस. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नव्हतं, आणि ते तुला सांगायचं धाडस आबांनासुद्धा झालं नाही. एवढी सत्ता तुझी त्या घरात होती, आणि वीतभर बांध मात्र तुझा नव्हता.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी रजा काढून आले होते. तुझे पाय चेपत बसले होते. तू म्हणालीस, "दादाला हक्कसोड दे. माझं डोळं मिटायच्या आत सही कर. भणीनं भावाच्या रानाला नख लावू ने. दिवाळीला माहेर आन् अंगावर लुगडं, हीच लेकीची वाटणी." मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. तू भिंतीकडं तोंड केलंस आणि मी पाय चेपत राहिले. तू गेल्यावर दादानं कागद पुढं केला, तो मी परत सरकवला. मग कचेऱ्या झाल्या, कोर्ट झालं. वाटणी होऊन ओढ्याकडचा तुकडा माझ्या नावावर झाला तोवर माझी नोकरी संपत आली होती.

निवृत्त झाल्यावर मी रान बघायला गेले. दादाच्या उसात बायका भांगलत होत्या. त्यांच्यातली पिकल्या केसांची एक उठून मला न्याहाळत म्हणाली, "तुम्ही विहीरवाल्यांची लेक न्हवं?" ती तीच सून होती. ती हसली. "तुमच्या आईनं हांडा पालथा केलता, ते इसरली न्हाय मी. पर तुमच्या विहिरीचं पानी लई ग्वाड. नंतर आमी ते चोरून न्यायचो." आणि मोठ्यानं हसली, बाकीच्याही हसल्या. मी बांधावर बसले. तिनं तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. नाचणी कुठून आणली विचारलं, तर म्हणाली, विकत. "डोंगरात आमची आमी पिकवत हुतो. हितं आल्यापास्नं दुसऱ्याच्याच रानात हात झिजलं. मरायच्या आत एकदा आपलं बी पेरून बगायचं हाय, बाई." मी त्याच दिवशी तिला माझा तुकडा दाखवला.

दादा घरी आला नाही, त्यानं फोन केला. "कूळ लागंल. एकदा आत शिरली की निघायची न्हाईत. रान जाईल तुझं."

"जाऊ दे की," मी म्हटलं. "त्यांचं आख्खं गाव गेलं."

"तुला कळंना झालंय."

"मला पहिल्यांदाच कळायला लागलंय, दादा."

त्यानं फोन ठेवला, आणि चैत्रात पाणी बंद केलं. नदीवरून पाणी उचलणाऱ्या आपल्या संस्थेचा तो चेअरमन आहे. आमच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी चेंबरमधला व्हॉल्व्ह उघडलाच नाही. "पाणी उसाला हाय, भाजीपाल्याला न्हाय," असा निरोप आला. वांग्याची, मिरचीची रोपं नुकती कुठं धरली होती, दुपारी माना टाकायला लागली. बायका गायरानातल्या बोरिंगवरून डोक्यावर घागरी आणून एकेका रोपाला ओंजळीनं पाणी घालत होत्या. मला ते बघवेना. मी छत्री उघडली आणि जाऊन चेंबरच्या झाकणावर बसले. माझी पाळी मला मिळेपर्यंत इथून कुणाचीच पाळी सुरू होणार नाही, असं पंपावरच्या माणसाला सांगितलं. थोड्या वेळानं ती पिकल्या केसांची बाई येऊन शेजारी बसली, मग बाकीच्या तिघी. उसाचे मालक जमले. कुणी समजावलं, कुणी शिव्या घातल्या, एकजण म्हणाला, "या निर्वासितांच्या नादाला लागून मास्तरीण येडी झाली." मी शाळेत ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात त्याला म्हटलं, "पावणं, तुमच्या उसाला पाणी पाहिजे तर चेअरमनला बोलवा."

दादा आला तो तांबडालाल होऊन. "घराची अब्रू रस्त्यावर मांडलीस! आई असती तर तुझं थोबाड फोडलं असतं तिनं."

"असती तर बघितलं असतं," मी म्हटलं. छत्री या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात वहिनी त्याचं जेवण घेऊन रानात आली. तू तिला नेहमी मुकी म्हणायचीस. तिनं डोक्यावरची बुट्टी खाली ठेवली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि पंपावरच्या माणसाच्या हातातला पाना घेतला. मला म्हणाली, "उठा वन्सं." मी उठले. तिनं झाकण सरकवलं, आत उतरली आणि सगळं अंग टाकून व्हॉल्व्ह फिरवला. दादा ओरडला, "आगं ए! डोकं फिरलं काय?"

ती आतूनच बोलली. "माझ्या भावाला मी सही दिलो. तवापास्नं माहेरात मी पावणी हाय. च्या पिऊन जा म्हणत्यात, ऱ्हा म्हणत न्हाईत." वर येऊन तिनं पदरानं हात पुसले. "पाळी वन्संची हाय, पाणी वन्संचं हाय. तुमी जेवून घ्या. भाकरी गार व्हतीय."

पाटात पाणी आलं तेव्हा त्या चौघी पळत सुटल्या, म्हाताऱ्या बायका, लुगडी वर खोचून. गर्दी हळूहळू पांगली. दादा बांधावर पाठ करून जेवला.

आता गाव त्या तुकड्याला 'निर्वासितांचं रान' म्हणतं. आधी हिणवून म्हणायचे, आता पत्ता सांगताना म्हणतात. वांगी, मिरची, गवारी निघते, कडेनं नाचणी. त्यातल्या दोघी आठवड्याच्या बाजाराला मंगळवार पेठेत येतात, पाटी माझ्या दारात उतरवतात आणि चहा पिऊन भावावरून गिऱ्हाइकांशी भांडायला जातात. गायरानातल्या एका घराचा पत्रा जाऊन कौलं आली. एकीची नात शेतीच्या कॉलेजात जाते. सगळं गोड झालं असं नाही. दादा माझ्याशी बोलत नाही, आणि वहिनीशीही तो बराच काळ घुम्यासारखा वागला. एकदा कुणीतरी उभ्या गवारीत जनावरं घातली. आम्ही पुन्हा पेरली. माझ्यानंतर हे रान त्यांचंच, हे मी माझ्या लेकीला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, मला चालेल. तुझ्या वंशात जमीन सोडून देताना खळखळ न करणारी पहिली बाई ती. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तुला राग येणार असेल तर तो येऊ दे. मी माझी बाजू मागे घेणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. लोक मला धीट म्हणतात, मीही ऐकून घेते. पण त्या दिवशी तू भिंतीकडं तोंड केलंस ते तसंच ठेवलंस म्हणून मी वाचले. तू नुसती वळली असतीस आणि माझं नाव घेऊन आणखी एकदा मागितलं असतंस, तर मी सही केली असती, आई.