बिरमोचा मोर

गोवर्धन,
कार्तिक, गुरुवार

आदरणीय जीजी,

तुझ्या धाकट्या बहिणीचे, चंपोचे राधे राधे. गिरिराजजींच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुझ्या गुडघ्यांचं कसं काय? (तेल लाव, नुसती कुरकुरत बसू नकोस.)

जीजी, आमची शेजारीण बिरमो संत झाली. आमच्या गुरुमहाराजांनी कथेत सांगितलं, की ज्याचं अन्न सात्त्विक त्याचं चित्त निर्मळ, आणि निर्मळ चित्ताला पशुपक्षी भीत नाहीत. झालं! बिरमोच्या तळहातावरून एक मोर रोज दाणे खातो, म्हणून अख्खी गल्ली तिच्या पाया पडू लागली. अगं, मला दीक्षा तिच्या आधी चार वर्षं मिळालीय! कांदा-लसूण तेव्हाच सुटला, आता मसूर सोडली, गाजर सोडलं, वांगंही सोडलं. (आमचे हे म्हणाले, "आता मलाच तेवढं सोडायचं राहिलंय.") ओंजळीत हरभरे घेऊन महिनाभर गच्चीवर डोळे मिटून बसले. माकडं आली. हरभरे नेले, वाळत घातलेली साडी नेली. मोर आपला बिरमोच्या कठड्यावरून बघतोय!

परवा विरजणाचं निमित्त काढून तिच्याकडे गेले (दाण्यांत काय कालवते ते बघायला). आतून बारीक आवाज आला, "चंपो, तूच ना? दोन दिवस ताप आहे गं. माझ्या मोराला तेवढं खायला घाल." घातलं. जीजी, तो माझ्या हातावरून खाऊ लागला! चोच टोचत होती आणि मला रडू फुटत होतं. तेवढ्यात गल्लीतल्या बायका जमल्या. "चंपोही पोचली गं बाई!" आणि मी मेली गप्प राहिले. बिरमो आतून सगळं ऐकत होती.

मग मला राहवेना. खिचडी करून नेली आणि सगळा जळफळाट कबूल केला. ती हसली. "वेडे, कसलं चित्त न् कसलं काय! पिल्लू होता तेव्हा पाय मोडला होता त्याचा. चुलीपाशी ठेवून वाढवलाय मी. भूक लागली की कुणाच्याही हातचं खातो."

"मग हे महाराजांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, हीच भक्ती."

बघ! तापातसुद्धा माझ्यावर वरचढ!

तुझीच,
चंपो

ता. क. बिरमोला हवापालट हवाय. महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. मोराचं मी बघते.

आणखी एक ता. क. महिना नको, आठ दिवस पुरेत. सकाळी भांडायला ती नसली की मला चहासुद्धा जात नाही.