वारलूचे बैल आपल्या आंगणात

श्री
चांदा, ता. ८ नोव्हेंबर १९५७

ती. आजीस,
गुणवंताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही बरे आहोत. डेपोत सागाचे लठ्ठे मोजण्याचे काम तेच. आमची खोलीही तीच. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. ती सुरू झाली की फळीवरची भांडी सरकत सरकत काठाशी येतात आणि शकू ती मागे ढकलत बसते. सोनीला तर इतकी सवय झाली आहे की गिरणी थांबली की तिची झोप मोडते. शकूला पाचवा लागला. घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरले असून होळीनंतर खोली त्यांना हवी आहे. दुसरी खोली शोधतो आहे, पण लेकुरवाळ्याला कोणी देत नाही.

एक चांगली गोष्ट. कमी पगाराच्या माणसाला पहिले घर बांधायला सरकार कर्ज देते. जटपुरा दरवाजाबाहेर जागा पाहून मी अर्ज टाकला आहे. दोन खोल्या आणि पुढे ओटा. आता चौकशीला एक साहेब आपल्या गावी येतील. तुला माझ्याविषयी विचारतील. भिऊ नकोस, माझ्याबद्दल नीट सांग. बाकी नियम पुष्कळ आहेत, ते भेटीत सांगेन.

थंडीत उघड्या पडवीत झोपू नये. माया आहे तशी राहू द्यावी.

तुझा,
गुणवंत


श्री
मु. मोहटोला, ता. २ डिसेंबर १९५७

चि. गुणवंतास,
आजीचे अनेक आशीर्वाद. शकूले आन सोनीले पापा.

हे पत्र शेजारच्या वारलूची सून कमळा लिहून राह्यली. चवथी शिकली हाय. मी म्हनलं, जसं बोलते तसं लिही. तर म्हनते, आजी, तुमच्या बोलन्यात थांबाचं कुठी तेच समजत नाई.

तुहा साहेब येऊन गेला. सायकलीवर आला, अर्धी वाट सायकलच त्याच्यावर बसून आली असंल, इतका चिखलानं भरला होता. तुनं लिहिलं, नीट सांग. आता मले नीट सांगाले शिकवते का रे? तुह्या लग्नाच्या वेळी शकूचा बाप घर पाहाले आला, तवा कोनी नीट सांगतलं होतं? आपल्या गावात कोनाच्याही पोराचं घर पाहाले पाहुने आले का साऱ्या गावाचे बैल त्याच्याच आंगणात बांधतात. तसेच आताही वारलूचे दोन्ही बैल आणून बांधले. पानी भराचे पितळेचे गुंड तिघींच्या घरून आणले. लटारूचा गोठा आपल्या भिंतीले लागून हाय, तोही आपलाच दाखवला. तो तुह्या चुलत काक्याचा पोरगा, त्यानं नाई म्हनलं नाई, नुसता खोकलला.

साहेबानं इचारलं, घर कोनाचं? मी सांगतलं, गुणवंतरावाचं. आठ खनाचं हाय, दोन खन तर दिसतातच. त्यानं इचारलं, मंग तुमी कोन? मी म्हनलं, मी त्याच्या घरची पाहुनी, खाऊन पिऊन पडून राहाते. साहेबानं सारं लिहिलं. मी अंगठा देल्ला. जाताना वारलूच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला त्यानं. शकूच्या बापानंही तसाच फिरवला होता आन दुसऱ्या दिवशी सुपारी पाठवली होती. आता तुहं कर्ज आलं समज.

नव्या घराचा दरवाजा कोन्या बाजूले ठेवते ते कळव. म्हातारीचा इसर पडू देऊ नको.

तुही आजी,
मनकर्णा, निशाणी अंगठा


श्री
चांदा, ता. २१ डिसेंबर १९५७

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज नामंजूर झाला. कचेरीतल्या बाबूने मला तुझा जबाब वाचून दाखवला. आठ खण, गोठा, बैलजोडी. मग चष्मा काढून म्हणाला, गुणवंतराव, आम्हीच तुमच्याकडे कर्ज मागायला यायचे की काय. मागे उभे असलेले सगळे हसले. मीही हसलो, दुसरे काय करणार.

आजी, हे कर्ज ज्याला कुठेच घर नाही त्यालाच मिळते. स्वतःच्या नावावर नाही, घरातल्या माणसांच्या नावावरही नाही. हे मी तुला लिहायला हवे होते. लिहिले नाही, त्याचे कारण सांगायला लाज वाटते. अर्जात घरची माणसे लिहायची होती. तुझे नाव लिहिले असते तर तुझे घर माझ्या घरात धरले गेले असते. म्हणून मी शकू आणि सोनी एवढीच नावे लिहिली. तुझे लिहिले नाही. बाप गेल्यापासून जिने वाढवले, तिला गाळून मी बेघर झालो. आणि तू साहेबाला सांगितलेस की तूच माझी पाहुणी.

तिसऱ्या दिवशी शकूने विचारले की तिच्या बापाने पाहिलेले बैल तरी आपले होते का. मी सांगितले. मग भांडी मागे ढकलता ढकलता तिला जे हसू लागले, ते शेवटी रडण्यावर गेले.

एकच वाट उरली आहे. गडचिरोलीच्या कचेरीत तू स्वतः जाऊन घर माझे नाही असे सांगावे लागेल. बसचा त्रास आहे. नाही जमले तर मनाला लावून घेऊ नकोस. माझ्यावरचा राग मनात ठेवू नये.

तुझा,
गुणवंत


श्री
मु. मोहटोला, ता. १९ जानेवारी १९५८

चि. गुणवंतास,
आजीचे अनेक आशीर्वाद.

गडचिरोलीले जाऊन आले. साक्षीले लटारूले घेतलं. बसमध्ये एका बाईच्या कोंबड्या माह्या मांडीवर होत्या, त्याईले माहं बोलनं पटत होतं. कचेरीत पटलं नाई.

साहेब तोच. म्हने, आजीबाई, त्या दिवशी घर नातवाचं होतं, आज तुमचं झालं, उद्या कोनाचं? मी बैलाचं सारं सांगतलं. तो हसला, पन कागद काई हसला नाई. म्हने, मानलं तुमचं हाय. तुमच्यामागं कोनाले? मी म्हनलं, एकच नातू. तर म्हने, मंग घर त्याचंच झालं का नाई? इकडून निंगावं तर तिकडे भिंत, तिकडून निंगावं तर इकडे. घर माहं म्हनलं तरी तुहं, तुहं म्हनलं तरी तुहंच. मी इचारलं, बाप्पा, मंग ते त्याचं होऊ नये म्हनून काय करावं? साहेब खिडकीबाहेर पाहात बसला. लटारू खोकलला.

त्याच दिवशी घराचा कागद लटारूच्या नावानं केला. पडवीत मले मरेपर्यंत राहू द्यायचं, असं साहेबानंच लिहून घेतलं. भला मानूस हाय. लटारूही वाईट नाई. त्यानं आतल्या खनात बायको-पोरं आणली, पडवीत मी आन त्याच्या शेळ्या. शेळ्या माह्याआधी उठतात, म्हनून मीही उठते. काल चुलीजवळ पाय पसरले, तर त्याच्या बायकोनं मायेनं सांगतलं का आजी, जरा सरका. सरकले. सरकाले आता भिंतच हाय. तरी पाहा, साहेबाले म्हनलं होतं मी पाहुनी, तर झालेच. म्हातारीनं खोटं बोलावं, पन जपून बोलावं.

तू रडून पत्र लिहू नको, कमळाले वाचता येत नाई, अक्षर पसरते. इतक्या वर्षांत कोनी या घराले आठ खनाचं म्हनलं नव्हतं, मी तरी म्हनलं. आन मले एकाच गोष्टीचं हसू येते. तुनं कागदावर आजी मिटवली, मी कागदावर तुले बैल-गोठ्याचा मालगुजार केलं. एकाच घरचे आपन. घराचे नसलो तरी.

साहेब म्हने, आता अर्ज पुन्हा वर जाईल. होळीच्या आत हो म्हनतील का नाई ते त्यालेही ठाऊक नाई. तोवर शकूले सांग, भांडी खाली जमिनीवर मांड, किती दिवस ढकलशील.

एक काम कर. माह्या नावावर आता छपरावरच्या कवेलूचा तुकडा नाई, म्हंजे तुह्या नियमात मी बसते. अर्ज पुन्हा लिहशील तवा घरच्या मानसांत माहं नाव घाल. जागा लागत नाई मले, ओट्यावर भागते. कमळा इचारते, कसं लिहाचं, तर मी तिले सांगून राह्यली, तसंच तूही उतरव. मनकर्णा. नातं आजी. घर नाई.

सोनीले माही ओळख ठेव.

तुही,
वर लिहिली तीच, निशाणी अंगठा