मीटर आठशे पन्नासच दाखवत होता

प्रिय मानसी,

बाबा एकटे नीट राहतील ना, एवढं कळलं की कॅनडाच्या नोकरीवर सही करते, असं तू रविवारी म्हणालीस. मी फोनवर सांगितलं, मस्त चाललंय. ते उत्तर लक्षात ठेव, पुढे लागेल.

आधी साकीनाक्याच्या कारखान्याची बातमी. भट्टीतली एक खेप परत आली. दाराकडच्या स्प्रिंगा मऊ, मागच्या ठिसूळ. भट्टी सांभाळणारा गुणाजी म्हणतो, शेठ, मीटर तर आठशे पन्नासच दाखवत होता. दाखवत होताच. आत तापमान मोजणाऱ्या तीन तारा आहेत, त्या मी एकत्र जोडल्यात, त्यामुळे मीटरवर तिन्हींची सरासरी येते. दाराकडे कमी, मागे जास्त, आकडा बरोब्बर. माल चढवण्याआधी प्रत्येक तार सुटी करून तपासायची, हा नियम माझाच. तुझी आई गेल्यापासून तो राहून गेलाय.

स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, म्हणजे असंख्य रेणूंच्या सरासरीतून उष्णता समजून घेण्याचं शास्त्र, मी कॉलेजात शिकलो नाही, भट्टीशेजारच्या स्टुलावर शिकलो, आणि एकही गणित सोडलेलं नाही. तेव्हा हे गाळून वाचू नकोस. एकाच तापमानाचे वायूचे लाखो डबे मनात मांड. प्रत्येकातला एकच रेणू बघ. कुणी डावीकडे पळतोय, कुणी उजवीकडे. उजवीकडचा वेग अधिक धरला, डावीकडचा उणे, तर सगळ्यांच्या वेगाची सरासरी शून्य. डबे बर्फात ठेव नाहीतर भट्टीत, शून्यच. आता आधी प्रत्येक वेगाचा वर्ग कर, म्हणजे उणे चिन्ह जाईल, आणि मग सरासरी काढ. तापमान तिथे सापडतं. सरासरी खोटं बोलत नाही गं, कशाची काढली ते बघावं लागतं.

आता माझं. जेवण झालं की मी विक्रोळीच्या घरातून खाडीच्या बाजूला चालत जातो आणि परत येतो. पुन्हा जातो. तुझी आई होती तेव्हा जेवल्यावर मी पंख्याखालून हलायचो नाही, तूच हसायचीस. शेवटी घरीच असतो, म्हणजे सरकलो किती, तर शून्य. तू विचारतेस तेव्हा मी हे शून्य सांगतो. दिवाळीला घेतलेल्या चपलांचे तळ मात्र गेलेत.

तू थांबावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. सही करायची तर कर, विमानतळावर सोडायला मी येईन. पण माझ्या मुलीने चुकीच्या मोजमापावर सही केलेली मला चालणार नाही. भट्टीतल्या तिन्ही तारा मी काल सुट्या केल्या. यापुढे फोन करशील तेव्हा कसे आहात विचारू नकोस. आज किती चाललात, ते विचार.

तुझाच,
बाबा